विजेच्या दिव्यातील धागा

(भिवंडी येथे यंत्रमाग व्यावसायिक, कामगार आणि तंत्रशिक्षण घेणारे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विजेच्या दिव्याचा शोध कोणी लावला, असा प्रश्न या सभागृहातील कोणत्याही विद्यार्थ्याला विचारला, तर त्याचे उत्तर ठरलेले आहे : थॉमस अल्वा एडिसन. परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळतात आणि ते मिळू नयेत, असे मी म्हणणार नाही. मात्र हाच प्रश्न इंग्लंडातील न्यूकॅसल शहरी विचारला, तर तेथील मुले जोसेफ स्वान यांचे नाव घेतील. रशियात अलेक्सांद्र लोदिगिन यांचे नाव निघेल. कॅनडात वुडवर्ड आणि इव्हान्स या जोडीचा उल्लेख अभिमानाने होईल. जर्मनीत तर कित्येक दशके हाइन्रिश गोबेल नावाच्या घड्याळजीला हा मान दिला जात होता. एकाच वस्तूवर इतक्या देशांनी हक्क सांगावा, ही गोष्ट गमतीची वाटली, तरी त्या हक्कापोटी न्यायालयात वर्षानुवर्षे खटले चालले, कंपन्या उभ्या राहिल्या आणि बुडाल्या, आणि काही माणसांची नावे पुसली गेली.

हा विषय भिवंडीत मांडावा असे मला का वाटले, तेही आरंभीच सांगतो. दिव्याच्या शोधातील खरा पेच काचेचा किंवा विजेचा नव्हता. तो धाग्याचा होता. काचेचा फुगा फुंकणारे कारागीर युरोपात पुष्कळ होते. बॅटरीतून वीज मिळू लागून बराच काळ लोटला होता. अडले होते ते एका बारीक, सलग, न तुटणाऱ्या, तापून शुभ्र झाला तरी न जळणाऱ्या तंतूपाशी. धागा तुटला की माग थांबतो, हे ज्या गावातील लहान मुलालाही ठाऊक आहे, त्या गावाला ही हकीकत परकी वाटू नये.

आरंभ थोडक्यात सांगून टाकू. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीस लंडनमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी प्लॅटिनमच्या पट्टीतून विजेचा प्रवाह सोडला आणि ती तापून प्रकाशू लागल्याचे दाखवले. त्यांनीच पुढे कोळशाच्या दोन कांड्यांमधील अंतरात विजेची झळझळीत कमान पेटवून दाखवली. या कमानीच्या दिव्याने रस्ते, बंदरे, दीपगृहे उजळली. पण त्याचा प्रकाश डोळे दिपवणारा, त्याचा धूर आणि सुरसुर घरात सोसवणारी नव्हती. घरात हवा होता तो लहान, शांत दिवा. १८४१ मध्ये इंग्लंडात फ्रेडरिक द मॉलिन्स यांनी तापलेल्या तारेच्या दिव्याचे पेटंट घेतले. १८४५ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटीचा जॉन वेलिंग्टन स्टार या तरुणाच्या दिव्याची लंडनमध्ये नोंदणी झाली, पण दुसऱ्याच वर्षी तो ऐन पंचविशीच्या आत वारला. लोदिगिन यांना १८७४ मध्ये रशियात पेटंट मिळाले. त्याच वर्षी टोरांटोच्या हेन्री वुडवर्ड आणि मॅथ्यू इव्हान्स यांनी नायट्रोजन भरलेल्या काचेतील कार्बनच्या दिव्याचे पेटंट घेतले. ही यादी आणखी लांबवता येईल. या सर्वांचे दिवे लागले हे खरे. ते फार वेळ टिकले नाहीत, हेही तितकेच खरे.

ते का टिकले नाहीत? तापलेल्या कार्बनला प्राणवायूचा अंशही मिळाला, तरी तो जळून जातो. म्हणून काचेतील हवा काढून टाकावी लागते. त्या काळच्या पंपांनी ती पुरेशी निघत नसे. १८६५ मध्ये हर्मान स्प्रेंगेल या रसायनशास्त्रज्ञाने पाऱ्याच्या थेंबांबरोबर हवा ओढून नेणारा पंप तयार केला. विल्यम क्रुक्स यांनी निर्वात नळ्यांवरील आपल्या प्रयोगांत त्याचा उत्तम उपयोग केला आणि हे तंत्र प्रयोगशाळांत सर्वांच्या परिचयाचे झाले. माझ्या मते दिव्याच्या इतिहासात स्प्रेंगेल यांना जितके स्थान मिळायला हवे, तितके मिळालेले नाही. स्वान आणि एडिसन हे दोघेही त्यांच्या खांद्यावर उभे आहेत.

न्यूकॅसलचा औषधविक्रेता

जोसेफ स्वान यांचा जन्म १८२८ चा. न्यूकॅसल येथील औषधे आणि रसायने विकणाऱ्या एका दुकानात ते काम करीत आणि पुढे त्यात भागीदार झाले. छायाचित्रणाच्या तंत्रात त्यांनी घातलेली भर वेगळ्या व्याख्यानाचा विषय होईल. दिव्याचे वेड त्यांना विशीपासून होते. कागदाच्या पट्ट्या भट्टीत भाजून त्यांचा कार्बन करायचा आणि काचेत ठेवून त्यात प्रवाह सोडायचा, असे प्रयोग त्यांनी १८६० च्या आधीपासूनच केले होते. हवा नीट निघत नसल्यामुळे त्यांनी ते काम बाजूला ठेवले. पुढे स्प्रेंगेलचा पंप आल्यावर, १८७७ च्या सुमारास, त्यांनी चार्ल्स स्टर्न या निर्वात तंत्रात वाकबगार असलेल्या गृहस्थाची मदत घेऊन ते पुन्हा हाती घेतले. स्टर्न हे नाव श्रोत्यांनी लक्षात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे.

स्वान आणि स्टर्न यांना एक महत्त्वाची गोष्ट उमगली. काचेतील हवा काढली, तरी कार्बनच्या अंगात मुरलेली हवा तो तापल्यावर बाहेर येते आणि सगळी मेहनत वाया जाते. यावर त्यांनी काढलेला उपाय साधा होता : पंप चालू असतानाच तंतूतून प्रवाह सोडून तो तापवायचा, मुरलेली हवा निघून गेली की मगच काच वितळवून तोंड बंद करायचे. आपल्याकडे सायझिंगमध्ये सूत खळीतून काढून वाळवल्याशिवाय बीमवर घेत नाहीत, तसाच हा पूर्वसंस्कार म्हणता येईल.

डिसेंबर १८७८ मध्ये स्वान यांनी न्यूकॅसलच्या रसायनशास्त्रविषयक संस्थेत आपला दिवा दाखवला. ३ फेब्रुवारी १८७९ रोजी त्याच शहरात, साहित्य आणि तत्त्वज्ञान यांना वाहिलेल्या संस्थेच्या सभेत, मोठ्या श्रोतृसमुदायापुढे तो पुन्हा दाखवला. एडिसन यांचा दिवा तेव्हा तयार झालेला नव्हता. मग स्वान यांनी पेटंट का घेतले नाही? दिव्याची मूळ कल्पना इतकी जुनी आणि सर्वांना माहीत असलेली आहे की तिच्यावर आपल्याला हक्क सांगता येणार नाही, असे त्यांचे मत होते. त्यांनी पेटंटे घेतली ती पुढे, आणि तीही हवा काढण्याच्या रीतीसारख्या विशिष्ट बाबींची. प्रामाणिक माणसाचा हा हिशोब त्यांना महागात पडला.

शिवाय १८७९ च्या त्या दिव्यात एक उणीव होती. त्यातील कार्बन ही एक बारीक कांडी होती, धागा नव्हे. या फरकावर पुढे हजारो पौंडांची वकिली झाली.

तांब्याचा हिशोब

आता एडिसन यांच्याकडे वळू. ते १८७८ च्या शरद ऋतूत या उद्योगात उतरले आणि उतरताच त्यांनी वृत्तपत्रांना सांगून टाकले की प्रश्न सुटल्यातच जमा आहे. तो सुटलेला नव्हता. पुढचे एक वर्ष त्यांनी प्लॅटिनमच्या तारेमागे घालवले. परंतु या काळात त्यांच्या न्यू जर्सीतील मेन्लो पार्कच्या कार्यशाळेत एक गोष्ट घडली, जी इतर कोणत्याही स्पर्धकाकडे घडली नव्हती : तेथे दिव्याच्या आधी तारांचा हिशोब मांडला गेला. फ्रान्सिस अप्टन हा गणिताचे शिक्षण घेतलेला तरुण त्यांनी मुद्दाम नोकरीस ठेवला होता.

तो हिशोब असा. शंभर वॅटचा एक दिवा आहे असे समजा. त्याचा विद्युत्‌रोध कमी असेल आणि तो दहा व्होल्टवर चालत असेल, तर त्याला दहा अँपिअर प्रवाह लागेल. तोच दिवा रोध वाढवून शंभर व्होल्टवर चालवला, तर एकच अँपिअर पुरेल. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे दहापट प्रवाहाला शंभरपट नुकसान. ते नुकसान आटोक्यात ठेवायचे, तर तांब्याची तार शंभरपट जाड हवी. एका दिव्यापुरते हे चालेल. गावभर दिवे लावायचे म्हटले, तर देशातले तांबे अपुरे पडेल. तेव्हा दिव्यातला तंतू जाड कांडीचा असून भागणार नाही. तो केसासारखा बारीक आणि लांब हवा, म्हणजे त्याचा रोध वाढेल. ज्या व्यावसायिकांनी आपल्या कारखान्यात लांबवरून वीज आणताना केबलच्या जाडीवरून ठेकेदाराशी घासाघीस केली आहे, त्यांना हे गणित फळ्यावर मांडून दाखवण्याची गरज नाही.

ऑक्टोबर १८७९ मध्ये एडिसन यांचे सहकारी चार्ल्स बॅचलर यांनी शिवणकामाचा साधा सुती दोरा भट्टीत भाजला. दोऱ्याचा कोळसा करायचा आणि तो न मोडता काचेत बसवायचा, हे काम किती नाजूक असेल याची कल्पना करावी. कितीतरी तंतू हातातच मोडले. अखेर २२ ऑक्टोबरच्या चाचणीत एक दिवा साडेतेरा तास टिकला. अनेक पुस्तकांत तो चाळीस तास जळला असे छापलेले आढळते. ती आख्यायिका आहे. ४ नोव्हेंबर रोजी पेटंटसाठी अर्ज गेला, २७ जानेवारी १८८० रोजी ते मंजूर झाले आणि त्याच्या मधल्या वर्षअखेरीच्या रात्री मेन्लो पार्क दिव्यांनी उजळलेले पाहायला लोक आगगाडीने लोटले.

जगातला पहिला उपयुक्त विद्युद्दीप सुताच्या दोऱ्यावर लागला, ही गोष्ट सूत विणणाऱ्या गावाने विसरू नये. अर्थात सूत फार काळ टिकले नाही. पुठ्ठा वापरून झाला. मग बांबू. जपानमधील क्योटोजवळच्या बांबूच्या तंतूने बाराशेहून अधिक तास प्रकाश दिला आणि पुढील अनेक वर्षे अमेरिकेतील घरे जपानी बांबूवर उजळत राहिली. इंग्लंडात स्वान यांनीही याच सुमारास सुती धागा गंधकाम्लात बुडवून त्याची पृष्ठे घट्ट करून घेतली आणि मग तो भाजला. १८८१ मध्ये लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात त्यांचे सुमारे १,२०० दिवे लागले. आता दोघांच्याही हाती धागाच होता.

न्यायालयात

इंग्लंडात दोघांची भांडणे होणार हे उघड दिसत होते. ती होण्यापूर्वीच, १८८३ मध्ये, दोन्ही पक्षांनी एकत्र येऊन एक संयुक्त कंपनी काढली. तिचे दिवे 'एडिस्वान' या नावाने विकले जात. येथे इतिहासाने एक विलक्षण वळण घेतले. इतर कारखानदारांना दिवे बनवण्यापासून रोखायचे, तर एडिसन यांचे पेटंट वैध ठरवून घेणे कंपनीला भाग होते. आणि ते वैध ठरायचे, तर त्याच्या आधी इंग्लंडात कोणी तसा दिवा जाहीरपणे दाखवलेला नसावा लागतो. आधी दाखवणारा माणूस कोण, तर याच कंपनीचा एक धनी ! त्यामुळे स्वान यांचे नाव धारण करणाऱ्या कंपनीच्याच वकिलांना न्यायालयात मांडावे लागले की स्वान यांच्या १८७९ च्या दिव्यातील वस्तू कांडी होती, तंतू नव्हता. सबब तो एडिसन यांच्या शोधाच्या आड येत नाही. कंपनी जिंकली. व्यवहारात स्वान यांचा लाभ झाला आणि इतिहासात ते मागे पडले.

अमेरिकेत गोष्टी इतक्या सामोपचाराने मिटल्या नाहीत. तेथे एडिसन यांच्या पेटंटावरील मुख्य खटल्याचा निकाल जुलै १८९१ मध्ये त्यांच्या बाजूने लागला आणि ऑक्टोबर १८९२ मध्ये अपिलातही तो कायम झाला. पण पेटंटाची मुदत १८९४ मध्ये संपत होती. बारा वर्षे ज्या हक्कासाठी झगडायचे, तो हाती आल्यावर दोन वर्षांत संपावा, याला काय म्हणावे ! ती दोन वर्षेही सुखाची गेली नाहीत. १८९३ मध्ये प्रतिस्पर्धी कंपन्यांनी हाइन्रिश गोबेल या जर्मनीतून न्यूयॉर्कला आलेल्या वृद्ध घड्याळजीला पुढे केले. आपण १८५४ पासूनच बांबूच्या तंतूचे दिवे बनवीत होतो, असे त्याचे म्हणणे होते. साक्षीदार आले, जुने म्हणून दिवे हजर झाले. काही न्यायाधीशांना त्यात तथ्य असावे असे वाटले, बहुतेकांना वाटले नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस गोबेल वारले. पुढे त्यांच्या जन्मदेशाने ही कथा उचलून धरली आणि ती शाळेच्या पुस्तकांपर्यंत गेली. अलीकडे इतिहाससंशोधकांनी ती कागदपत्रे तपासून हा दावा बचावासाठी उभा केलेला होता, असा निष्कर्ष काढला आहे. मला तो पटतो. ज्याने पंचवीस वर्षे आधी दिवा सिद्ध केला, त्याने खटला उभा राहीपर्यंत गप्प का बसावे ?

दुसरा एक निकाल आपल्याला अधिक शिकवणारा आहे. विल्यम सॉयर आणि अल्बन मॅन या अमेरिकी जोडीने दिव्यासाठी भाजलेल्या कागदाचा प्रयोग केला होता आणि त्या बळावर 'तंतुमय किंवा कापडासारखा कोणताही पदार्थ' भाजून केलेल्या प्रत्येक दिव्यावर हक्क सांगितला होता. १८९५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क फेटाळला. एडिसन यांच्या माणसांनी सहा हजारांच्या आसपास वनस्पती तपासल्या आणि त्यांतील बांबूच्या मोजक्या जातीच उपयोगी निघाल्या; तेव्हा एक कागद भाजणाऱ्याला सगळी वनस्पतिसृष्टी आपल्या नावे करून घेता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

या सर्व गलबल्यात काही नावे कोणत्याच निकालपत्राच्या शीर्षकात आली नाहीत. लुइस लॅटिमर हे एक नाव. गुलामगिरीतून पळून आलेल्या कृष्णवर्णीय दांपत्याचा हा मुलगा स्वतःच्या प्रयत्नाने आराखडे काढायला शिकला. कार्बनचे तंतू भाजताना ते वेडेवाकडे होऊ नयेत आणि मोडू नयेत, यासाठी त्याने काढलेल्या रीतीचे पेटंट जानेवारी १८८२ मध्ये त्याला मिळाले. एडिसन यांच्या प्रतिस्पर्ध्याकडे काम करणारा हा माणूस पुढे एडिसन यांच्याच कंपनीत पेटंटच्या खटल्यांचा जाणकार म्हणून काम करू लागला. मेन्लो पार्कमध्ये काच फुंकणारा लुडविग बोएम होता. त्याच्या श्वासावाचून एकही दिवा तयार झाला नसता.

आपल्या बाजूला

मुंबईत विजेचा दिवा फार लवकर आला. १८८२ मध्ये, म्हणजे न्यूयॉर्कमध्ये एडिसन यांचे वीजकेंद्र सुरू झाले त्याच वर्षी, मुंबई नगरपालिकेने क्रॉफर्ड मार्केट आणि काही रस्ते विजेने उजळण्याचा करार केला. आजची ती महात्मा जोतिबा फुले मंडई. पण ती वीज कंपनी वर्षभरात बुडाली आणि मंडईत पुन्हा गॅसचे दिवे आले. शहराला विजेचा भरवशाचा पुरवठा सुरू व्हायला १९०५ साल उजाडले, आणि खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून गिरण्यांना वीज मिळू लागली ती १९१५ मध्ये.

गिरण्यांत मात्र विजेचे दिवे त्याआधीच लागले होते, आणि त्यांचा पहिला परिणाम कामगारांच्या अंगावर आला. तोवर गिरणीचा दिवस सूर्याशी बांधलेला होता. हिवाळ्यात लवकर अंधार पडला की पट्टा थांबे. दिवे आले आणि १९०५ च्या सुमारास स्वदेशीमुळे कापडाला मागणी वाढली, तेव्हा मुंबईत चौदा-पंधरा तास काम चालू लागले. त्याविरुद्ध कामगारांनी आवाज उठवला, चौकशी झाली आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला. नंतरच्या कायद्यांनी तो आणखी खाली आला. भिवंडीच्या मागांवर दिवसपाळी आणि रात्रपाळी बारा-बारा तासांची असते, हे येथे बसलेल्यांना मी सांगावे असे नाही. दिव्याच्या शोधाचा इतिहास लिहिणारे या बाजूकडे वळत नाहीत. ते शोधकाचे नाव ठरवण्यात गुंतलेले असतात.

विजेचा पुरवठा हा भिवंडीच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. २००७ मध्ये महावितरणने येथील वितरणाचे काम खाजगी कंपनीकडे फ्रँचायझी पद्धतीने सोपवले. देशातला तो अशा प्रकारचा पहिलाच प्रयोग होता. त्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा आज माझ्या विषयात बसत नाही.

मला बोलायचे आहे ते येथील मिस्त्री आणि जॉबर मंडळींविषयी. जुना माग नव्या धाग्याला जुळवून घेताना ही मंडळी धोट्यात, टप्प्यात, दाबात रोज काहीतरी बदल करीत असतात. आठवड्याभरात तो बदल शेजारच्या कारखान्यात जातो, महिन्याभरात गावभर होतो आणि तो पहिल्यांदा कोणी केला, हे कोणालाच सांगता येत नाही. विद्येची अशी देवघेव चांगलीच आहे. पण एखादा बदल खरोखरच नवा आणि मोलाचा असेल, तर त्याचे काय करायचे ? आपल्या देशात पेटंटचा कायदा १८५६ पासून आहे. त्याखाली पहिला अर्ज आला तो कलकत्त्याहून, पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी. विजेचा पंखा येण्यापूर्वीचा तो काळ होता. सध्याचा कायदा १९७० चा असून त्यात पुढे दुरुस्त्या झाल्या. आता पेटंटाची मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे असते. त्यातील मर्म स्वान यांच्या हकिकतीत आलेच आहे : वस्तू आधी चारचौघांत दाखवली आणि अर्ज नंतर केला, तर ती नवी राहत नाही. काम अपुरे असले तरी तात्पुरते विवरण दाखल करून तारीख पदरात पाडून घेता येते. पूर्ण विवरण द्यायला बारा महिने मिळतात. मुंबईत अँटॉप हिल येथे पेटंट कार्यालय आहे. भिवंडीहून तेथे जाऊन त्याच दिवशी परतता येते.

अशा मार्गाने गेलेला आपला एक माणूस म्हणजे मुंबईचे शंकर आबाजी भिसे. जन्म १८६७ चा. छापखान्यातील खिळे झपाट्याने ओतणारे यंत्र त्यांनी तयार केले, इंग्लंड-अमेरिकेत पेटंटे मिळवली. दादाभाई नौरोजींनी त्यांना विलायतेत आधार दिला आणि टाटांनी भांडवल पुरवले. तरीही त्यांना व्यापारी यश हुलकावणी देत राहिले. १९३५ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. त्यांना 'भारतीय एडिसन' म्हणत. ही पदवी गौरवाने दिलेली असली तरी मला ती थोडी खटकते. भिसे यांची ओळख भिसे म्हणूनच व्हायला काय हरकत होती ?

पुन्हा धागा

आता शेवटचा भाग, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत रोचक. बांबू असो वा सूत, निसर्गाच्या धाग्यात एक दोष असतो. तो सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो. जेथे तो बारीक, तेथे जास्त तापतो आणि तुटतो. स्वान यांनी विचार केला की धागा शोधत हिंडण्यापेक्षा तो आपणच घडवावा. कापसातील सेल्युलोजवर नत्राम्लाची क्रिया करून मिळणारा पदार्थ त्यांनी अॅसेटिक आम्लात विरघळवला, ती चिकट खळ बारीक छिद्रातून दाबाने बाहेर काढली आणि द्रवात घट्ट होऊ दिली. सुरेख, एकसारखा, हवा तितका लांब तंतू मिळाला. त्यातील स्फोटक अंश रसायनाने काढून टाकला की तो भाजायला तयार. १८८३ मध्ये याचे पेटंट झाले. हेतू एवढाच, की दिव्याला चांगला तंतू मिळावा.

पण हा तंतू रेशमासारखा चमकत होता. स्वान यांच्या पत्नीने त्याचे विणकाम करून लहान रुमाल तयार केले आणि १८८५ मध्ये लंडनच्या शोधप्रदर्शनात ते 'कृत्रिम रेशीम' म्हणून मांडले गेले. स्वान यांनी तो धंदा पुढे नेला नाही. फ्रान्समध्ये काउंट शार्दोने यांनी जवळपास त्याच मार्गाने जाऊन १८८४ मध्ये पेटंट घेतले, १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात आपले रेशीम दाखवले आणि कारखाना काढला. आज कृत्रिम रेशमाचा जनक कोण, या प्रश्नालाही दोन उत्तरे मिळतात.

आता स्टर्न यांच्याकडे येऊ. स्वान यांच्या दिव्यातील हवा काढून देणारे हे गृहस्थ पुढे स्वतः दिव्यांच्या धंद्यात होते आणि दिव्याच्या तंतूसाठी चांगला पदार्थ शोधत होते. १८९२ मध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांनी लाकडाच्या लगद्यापासून व्हिस्कोज नावाचा दाट द्रव तयार केला होता. स्टर्न यांनी त्यापासून तंतू काढण्याची रीत बसवून १८९८ मध्ये तिचे पेटंट घेतले. त्यांचा सहकारी चार्ल्स टॉपहॅम याच्यापुढे प्रश्न होता तो ओला, नाजूक तंतू न तोडता गोळा करण्याचा. त्याने १९०० च्या सुमारास वेगाने गरगर फिरणारे एक भांडे केले. वरून खालीवर होणाऱ्या नळीतून तंतू त्यात सोडायचा. फिरण्याच्या जोराने तो भांड्याच्या भिंतीला जाऊन बसतो, त्याला पीळही पडतो आणि भांड्यात धाग्याची वडी तयार होते. या भांड्याने व्हिस्कोज रेयॉनचा धंदा उभा केला. दिव्यासाठी मात्र त्याची गरजच उरली नाही, कारण लवकरच टंगस्टनची तार आली आणि कार्बनचा तंतू मागे पडला. पुढे शंभर वर्षांनी टंगस्टनलाही एलईडीने बाजूला सारले.

तेव्हा कार्बनचा दिवा गेला आणि त्याच्यासाठी शोधलेला धागा राहिला. भिवंडीच्या मागांवर सुताबरोबर व्हिस्कोज विणले जाते, ते त्याच घराण्यातले. स्वातंत्र्यानंतर पहिल्या दहा वर्षांत ठाणे जिल्ह्यात, येथून खाडीपलीकडे, मोहने आणि शहाड येथे रेयॉनचे दोन मोठे कारखाने उभे राहिले. मोहन्याचा बंद पडला. शहाडचा चालू आहे, आणि तेथील एका प्रकारच्या धाग्याला बाजारात आजही 'पॉट-स्पन' म्हणतात. यातला 'पॉट' म्हणजे टॉपहॅमचे ते भांडे.